पाटी तीच, मालक नवा

५ मे २०२५ या दिवशी ‘स्काइप’ बंद झाले. इंटरनेटवरून फुकट बोलण्याची, आणि पुढे एकमेकांचे चेहरे पाहत बोलण्याची सवय ज्या सेवेने जगाला लावली, ती सेवा तिच्या मालकाने, म्हणजे मायक्रोसॉफ्ट कंपनीने, त्या दिवशी थांबवली. तशी सूचना दोन महिने आधी, २८ फेब्रुवारीला, दिली होती. ज्यांच्या घरातले कुणी परदेशात आहे, त्यांना हे नाव नव्याने सांगायला नको. ‘रविवारी संध्याकाळी स्काइपवर ये’ हे वाक्य एके काळी पुण्या-मुंबईतच नव्हे, तर कोकणातल्या वाड्यावस्त्यांवरही ऐकू यायचे.

एखादी सेवा बंद पडते यात नवे काही नाही. २०१३ च्या जुलैमध्ये आपल्याकडची तार बंद झाली. त्याआधी पेजर गेला. पण तार गेली ती तिची गरज उरली नाही म्हणून. स्काइपचे तसे नव्हते. पडद्यावर चेहरा पाहून बोलणाऱ्यांची संख्या जगात सर्वांत वेगाने वाढली ती २०२० साली, करोनाच्या टाळेबंदीत. शाळा, कचेऱ्या, साखरपुडे, शोकसभा, सारे काही पडद्यावर आले. आणि नेमक्या त्याच काळात स्काइप मागे पडले. गरज वाढत होती आणि सेवा खंगत होती. असे का झाले असावे? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेले की आपण तंत्रज्ञानापेक्षा खरेदी-विक्रीच्या व्यवहारापाशी येऊन पोचतो.

आपल्या गावातली एखादी खाणावळ आठवून पाहा. मालक गल्ल्यावर बसलेला असतो, पण लक्ष पंगतीकडे. आमटी पातळ झाली तर गिऱ्हाईक तोंडावर सांगते आणि दुसऱ्या दिवशी आमटी दाट होते. मग एक दिवस खाणावळ विकली जाते. पाटी तीच राहते, भिंतीचा रंग उजळतो, टेबलांवर काचा येतात. सहा महिन्यांनी जुनी गिऱ्हाइके म्हणू लागतात, ‘आता पूर्वीची चव राहिली नाही.’ ही नुसती म्हाताऱ्या माणसांची कुरकूर असते का? काही वेळा असतेही. पण बहुतेक वेळा आचारी बदललेला असतो, आणि नव्या मालकाने खाणावळ घेतलेली असते ती कोपऱ्यावरची जागा मोक्याची आहे म्हणून.

मुंबईकरांना याहून मोठे उदाहरण ठाऊक आहे. गिरणगावातल्या गिरण्यांचा भाव पुढे पुढे कापडावरून ठरेनासा झाला, जमिनीवरून ठरू लागला. ज्याला जमीन हवी, त्याच्या हाती मागाचे काय होणार हे कामगारांना आधीच कळले होते. इंटरनेटवरच्या सेवांमध्ये जमिनीच्या जागी माणसे असतात. विकत घेणाऱ्याला सेवेपेक्षा तिथे रोज येणारी कोट्यवधी माणसे हवी असतात. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे सारे समजायला सोपे जाते.

स्काइपचा जन्म २००३ सालचा. निक्लास झेन्स्ट्रोम हे स्वीडनचे आणि यानुस फ्रीस हे डेन्मार्कचे, असे दोघे उद्योजक. पण प्रत्यक्ष सॉफ्टवेअर लिहिले ते एस्टोनियाच्या तरुणांनी. एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा चिमुकला देश. १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून मोकळा झालेला, लोकसंख्या आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्यापेक्षाही कमी. तिथल्या आहती हेइनला, प्रीत कासेसालू आणि यान तालिन या मंडळींनी राजधानी तालिनमध्ये बसून हे काम केले. ऑगस्ट २००३ मध्ये ते लोकांसमोर आले.

त्यांची युक्ती मोठी गमतीची होती. दूरध्वनी कंपन्यांची मोठमोठी एक्स्चेंजेस असतात. या तरुणांकडे तसे काहीच नव्हते. म्हणून त्यांनी वापरणाऱ्यांच्याच संगणकांचे जाळे विणले. ज्यांच्या संगणकाला जोड चांगली, ते संगणक शेजारच्या संगणकांचे निरोप पोचवू लागले. आपल्याकडे ‘पीपी नंबर’ नावाचा प्रकार होता, तो ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. आळीत एकाच घरी फोन. त्या घरच्या वहिनी खिडकीतून हाक मारणार, ‘अहो, तुमचा मुंबईहून फोन आलाय!’ स्काइपच्या जाळ्यात असे हजारो ‘फोनवाले शेजारी’ होते. त्यांना सुपरनोड म्हणत. कंपनीला एक्स्चेंज उभारावे लागले नाही, म्हणून बोलणे फुकट देता आले. शिवाय आवाज असा स्वच्छ की नेहमीच्या फोनपेक्षा बरा.

भारतात संगणकावरून संगणकाशी बोलायला सरकारने एप्रिल २००२ पासून परवानगी दिली होती. त्यामुळे स्काइप आले तेव्हा आपली दारे उघडीच होती. त्याआधी परदेशी बोलणे म्हणजे काय होते ते आठवा. एसटीडी-आयएसडी बूथच्या काचेच्या खोक्यात उभे राहायचे, डोळे त्या लाल आकड्यांवर. आकडा पळतोय आणि बोलायचे ते घशातच राहतेय. आमच्या कोकणात तर आखातात गेलेली माणसे कॅसेटवर आवाज भरून पाठवत. कॅसेट घरी पोचायला महिना लागे. आई ती पुन्हा पुन्हा ऐके आणि उत्तर दुसऱ्या बाजूवर भरून जाणाऱ्या माणसाच्या हाती देई. आमच्या शेजारच्या एक चाची, मुलगा लंडनला, सायबर कॅफेत पहिल्यांदा त्याच्याशी बोलायला बसल्या तेव्हा कानाला लावलेले ते यंत्र सावरत दुकानातल्या पोराला विचारत होत्या, ‘बाळा, किती झाले?’ तो म्हणाला, ‘चाची, बोला तुम्ही. तासाचे पैसे बसण्याचे, बोलण्याचे नाहीत.’ चाची मग पाऊण तास बोलल्या. भाताच्या लावणीपासून कोंबड्यांपर्यंत. एखादी सेवा ‘लाडकी’ होते म्हणजे काय, हे मला तेव्हा कळले. तिने त्या बाईला घड्याळाच्या धाकातून सोडवले होते.

आता व्यवहाराकडे येऊ. सप्टेंबर २००५ मध्ये ईबे या अमेरिकन कंपनीने स्काइप विकत घेण्याचे जाहीर केले. किंमत सुमारे २.६ अब्ज डॉलर. ईबे म्हणजे इंटरनेटवरचा लिलावाचा बाजार. हेतू असा सांगितला गेला की, घेणारा आणि विकणारा एकमेकांशी थेट बोलतील, शंका मिटतील आणि सौदे वाढतील. कागदावर हे छान दिसत होते. पण लिलावात जुनी घड्याळे विकत घेणाऱ्याला विकणाऱ्याशी गप्पा मारायच्या नव्हत्या. दोन वर्षांतच, २००७ मध्ये, ईबेला आपल्या हिशेबात या खरेदीपोटी सुमारे १.४ अब्ज डॉलरचा बोजा दाखवावा लागला. म्हणजे वस्तूची किंमत आपण फार मोजली, हे जमाखर्चात मान्य करावे लागले.

या सौद्यात आणखी एक गंमत होती. स्काइपच्या पोटातले ते जाळे विणणारे मूळ तंत्र ईबेने विकत घेतलेलेच नव्हते. ते संस्थापकांच्या जोल्टिड नावाच्या वेगळ्या कंपनीकडे राहिले, आणि स्काइपला ते परवान्यावर वापरायला मिळत होते. घर घेतले आणि विहीर विकणाऱ्याच्या नावावर राहिली, असा हा प्रकार. २००९ मध्ये यावरून प्रकरण कोर्टात गेले. त्याच वर्षी ईबेने स्काइपचा मोठा हिस्सा सिल्व्हर लेक या गुंतवणूक संस्थेच्या पुढाकाराखालच्या गटाला विकला. तेव्हा कंपनीची किंमत २.७५ अब्ज डॉलर धरली गेली. तडजोडीत संस्थापकांना १४ टक्के हिस्सा मिळाला आणि विहीर एकदाची घराच्या नावावर आली. पुढे मे २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने ८.५ अब्ज डॉलर देऊन सगळे स्काइप घेतल्याचे जाहीर केले. तेव्हा त्याचे १७ कोटी सक्रिय वापरकर्ते होते आणि २०१० या एका वर्षात लोक त्यावर २०७ अब्ज मिनिटे बोलले होते.

आठ वर्षांत हा तिसरा खरेदीदार. प्रत्येक सौद्यात कंपनीची किंमत आधीच्यापेक्षा जास्त धरली गेली. हे पैसे कुठून तरी वसूल व्हायला हवेत, हा पहिला दाब. संस्थापकाच्या डोक्यात प्रश्न असतो, ‘बोलणे नीट होते आहे का?’ अब्जावधी मोजणाऱ्याच्या डोक्यात प्रश्न असतो, ‘याचा माझ्या बाकीच्या धंद्याला उपयोग काय?’ दुसरा प्रश्न वाईट आहे असे नाही, व्यापारात तो विचारावाच लागतो. पण चाचीच्या पाऊण तासाचे त्या प्रश्नात कुठे स्थान नसते.

दुसरा दाब जोडकामाचा. विकत घेतलेली वस्तू मोठ्या घरात बसवायची म्हणजे तिचे कोपरे तासावे लागतात. मायक्रोसॉफ्टने स्काइपची अंतर्गत रचनाच बदलायला घेतली. २०१२ मध्ये ते ‘फोनवाले शेजारी’ काढून त्यांच्या जागी कंपनीने स्वतःचे हजारो संगणक बसवले, आणि पुढे सारी सेवाच कंपनीच्या संगणकांवरून चालू लागली. इथे न्यायाने बोलायला हवे. या बदलाला सबळ कारणे होती. शेजाऱ्यांवर चालणारी व्यवस्था कधी कधी एकदम कोसळे. ऑगस्ट २००७ मध्ये दोनेक दिवस आणि डिसेंबर २०१० मध्ये जवळपास एक दिवस स्काइप बंद पडले होते. शिवाय लोक संगणकावरून मोबाइलवर येत होते, आणि मोबाइलच्या बॅटरीला शेजाऱ्यांचे निरोप पोचवण्याचे काम परवडणारे नव्हते. म्हणजे मालक कुणीही असता तरी हे पाइप बदलावेच लागले असते. पण राहत्या घरात नळाची दुरुस्ती काढली की घरातल्यांचे काय होते, ते आपण जाणतो. वर्षानुवर्षे लोक तक्रार करत राहिले, की निरोप उशिरा येतात, एका यंत्रावर वाचलेले दुसऱ्यावर न वाचलेले दिसते, घंटा वाजते आणि फोन लागत नाही.

तिसरा दाब घरातल्या भाऊबंदकीचा. मोठ्या कंपनीत एकाच कामाच्या तीन-चार वस्तू असतात आणि त्यांच्यात खर्चाच्या पैशांसाठी, चांगल्या माणसांसाठी चढाओढ असते. मायक्रोसॉफ्टची मेसेंजर ही जुनी सेवा २०१३ मध्ये बंद करून तिची माणसे स्काइपकडे वळवली गेली. कंपन्यांसाठीच्या लिंक नावाच्या वेगळ्याच वस्तूला २०१५ मध्ये ‘स्काइप फॉर बिझनेस’ असे नाव दिले. नाव एक, वस्तू दोन, आणि गिऱ्हाईक गोंधळात. मग २०१७ मध्ये ‘टीम्स’ ही नवी सेवा आली. ती कंपन्यांना पैशाने विकता येत होती, म्हणून घरची लाडकी सून तीच ठरली. त्याच वर्षी स्काइपचे रूप तरुणांना आवडावे म्हणून पार बदलले गेले, त्यात रंगीबेरंगी चित्रफिती टाकण्याची सोय आली. ज्यांना फक्त आईशी बोलायचे होते, त्यांना फोनचे बटण शोधावे लागू लागले. त्यांनी इतक्या जोराने नाराजी कळवली की पुढच्या वर्षी कंपनीला बरेचसे मागे घ्यावे लागले.

मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी जगभर सुरू झाली तेव्हा, स्काइप रोज वापरणारे ४ कोटी होते. एप्रिलमध्ये झूम या सेवेने सांगितले की आपल्या बैठकांत रोज ३० कोटी सहभाग नोंदले जातात. मोजण्याची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करता येणार नाही. पण वारा कुठे वाहत होता हे त्यातून कळते.

आणि झूमची कथा आपल्या विषयाला अगदी लागून आहे. झूम काढणारे एरिक युआन आधी वेबेक्स या कंपनीतले सुरुवातीचे अभियंते. वेबेक्स ही दूरबैठकांची सेवा सिस्को या बड्या कंपनीने २००७ मध्ये ३.२ अब्ज डॉलरला घेतली. युआन तिथे वरच्या पदावर होते. गिऱ्हाइके वेबेक्सवर खूश नाहीत हे त्यांना सलत होते. ते नव्याने बांधू या, असे त्यांचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही, तेव्हा २०११ मध्ये ते बाहेर पडले आणि त्यांनी झूम उभे केले. खाणावळीचा आचारी बाहेर पडून समोरच गाडी लावतो, तसे.

हा चौथा आणि माझ्या मते सर्वांत मोठा मुद्दा. कंपनी विकली जाते तेव्हा संगणक, नाव, गिऱ्हाइकांची यादी हे सारे विकले जाते. माणसाचा जीव विकत घेता येत नाही. संस्थापकांना काही वर्षे थांबण्याची अट असते, त्यांचे शेअर टप्प्याटप्प्याने हाती येतात, आणि मुदत भरली की ते निघतात. फ्लिकर ही छायाचित्रांची सुंदर सेवा स्टुअर्ट बटरफील्ड आणि कॅटरिना फेक यांनी २००४ मध्ये कॅनडात सुरू केली. २००५ मध्ये याहूने ती घेतली. २००७ मध्ये जुन्या सभासदांना ‘याहूचे खाते काढा, नाहीतर आत येता येणार नाही’ असे सांगण्यात आले. लोक चिडले, कारण ते फ्लिकरच्या अंगणात आले होते, याहूच्या कचेरीत नव्हे. २००८ मध्ये दोघेही संस्थापक बाहेर पडले. बटरफील्ड यांनी पुढे स्लॅक ही कचेऱ्यांसाठीची निरोपसेवा उभी केली, आणि २०२१ मध्ये तीही सेल्सफोर्स या कंपनीला विकली गेली. चक्र पुन्हा सुरू.

याहूने विकत घेतलेल्या सेवांची यादी वाचताना एखादे दफनस्थान फिरल्यासारखे वाटते. जिओसिटीज हे त्यातले मोठे नाव. साध्या माणसांनी, शाळकरी पोरांनी, छंदिष्टांनी आपापली पाने तिथे मांडली होती. १९९९ मध्ये याहूने ते सुमारे ३.६ अब्ज डॉलरच्या शेअरच्या मोबदल्यात घेतले आणि २६ ऑक्टोबर २००९ ला बंद केले. काही स्वयंसेवकांनी रात्रंदिवस खपून त्यातला बराच भाग उतरवून ठेवला, म्हणून तो आज पाहायला तरी मिळतो. कुणाच्या पहिल्या कविता तिथे असतील, कुणाच्या गेलेल्या वडिलांवर लिहिलेले पान असेल. ज्याने लिहिले त्याला ते सही करून कुठेच मागता येणार नव्हते, कारण जागा त्याची नव्हती.

मग विक्री म्हणजे नेहमीच ऱ्हास का? तसे म्हणणे खरे होणार नाही. यूट्यूब २००६ मध्ये गुगलने १.६५ अब्ज डॉलरला घेतले. तेव्हा ती कंपनी जेमतेम दीड वर्षाची होती, चित्रफिती साठवण्याचा आणि पाठवण्याचा तिचा खर्च आवाक्याबाहेर चालला होता, आणि हक्कभंगाचे दावे दारात उभे होते. मोठ्या घराचा आधार मिळाला नसता तर ती टिकली असती की नाही, शंका आहे. आज जुनी नाट्यगीते, कीर्तने, कव्वाल्या तिथे सापडतात ते त्यामुळेच. अर्थात, दर दोन मिनिटांनी सूर तोडणारी जाहिरात हीसुद्धा त्याच व्यवहाराची दुसरी बाजू आहे. आणि फ्लिकरला शेवटी बरे घर मिळाले. २०१८ मध्ये स्मगमग या बाप-लेकांनी काढलेल्या कौटुंबिक कंपनीने ते घेतले आणि सरळ सांगितले, हजार छायाचित्रांपर्यंत फुकट, पुढे पैसे भरा. काहींना राग आला. पण छायाचित्रे हाच ज्याचा धंदा आहे, त्याच्या हाती ती सेवा गेली. विकत घेणाऱ्याला नेमके काय हवे आहे, यावर इतके अवलंबून असते.

आता आपल्या सर्वांच्या खिशातल्या गोष्टीकडे वळू. व्हॉट्सअॅप. यान कूम आणि ब्रायन अॅक्टन, दोघेही याहूचे माजी कर्मचारी, यांनी ते २००९ मध्ये सुरू केले. जाहिरात नको, खेळ नको, फक्त निरोप, असा त्यांचा बाणा होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने ते १९ अब्ज डॉलरला घेण्याचे जाहीर केले. तेव्हा वापरणारे ४५ कोटी, कर्मचारी ५५, आणि २०१३ या वर्षाचे उत्पन्न साधारण १ कोटी डॉलर. एक कोटीच्या दुकानाला एकोणीसशे कोटी का मोजले? कारण वर सांगितलेच आहे. जमीन.

त्यानंतर जे झाले त्यात चांगले आणि वाईट दोन्ही आहे. एप्रिल २०१६ मध्ये सर्व निरोपांना असे कुलूप लागले की ते पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कंपनीलाही वाचता येऊ नयेत. ही मोठीच गोष्ट, आणि ती विक्रीनंतर झाली. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटी बदलल्या आणि वापरकर्त्यांचे फोन क्रमांक वगैरे माहिती फेसबुकला देण्याची वाट उघडली. २०१४ मध्ये परवानगी घेताना फेसबुकने युरोपीय आयोगाला सांगितले होते की दोन्हीकडची खाती भरवशाने जुळवता येणार नाहीत. हे सांगणे दिशाभूल करणारे होते, असे ठरवून आयोगाने मे २०१७ मध्ये ११ कोटी युरोचा दंड केला. अॅक्टन २०१७ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी ५ कोटी डॉलर घालून सिग्नल या ना-नफा निरोपसेवेला संस्थेचे रूप दिले. कूम २०१८ मध्ये गेले. २०२१ च्या नव्या अटींवरून भारताच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला; कंपनी अपिलात गेली. आणि ज्या सेवेचा ‘जाहिरात नको’ हा बाणा होता, तिच्या एका भागात जाहिराती आणण्याची घोषणा जून २०२५ मध्ये झाली.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये दिलेल्या आकड्यानुसार भारतात तेव्हा व्हॉट्सअॅप वापरणारे ५३ कोटी होते. पटत नाही तर सोडून द्या, असे म्हणणे सोपे आहे. पण सोडून जायचे कुठे? सोसायटीचा गट तिथे, मुलाच्या शाळेचा गट तिथे, गावच्या जमातीचा नाहीतर देवस्थानच्या समितीचा गट तिथे. एकट्याने सोडले तर तोच एकटा पडतो. खाणावळीची चव बिघडली तर आपण दुसरीकडे जेवू शकतो, इथे सगळी पंगत उठल्याशिवाय आपल्याला उठता येत नाही. सेवा घसरत गेली तरी लोक टिकून राहतात ते यामुळे, आणि हे विकत घेणाऱ्यालाही पुरते ठाऊक असते.

यावर उपाय काहीच नाही का? आहे, आणि तो आपल्याच ओळखीचा आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइल क्रमांक न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. तोवर नंबर जाईल या भीतीने आपण नकोशा कंपनीत अडकून होतो. दुसरे उदाहरण ई-मेलचे. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी १९९६ मध्ये काढलेले हॉटमेल मायक्रोसॉफ्टने पुढच्याच वर्षी घेतले. त्यानंतर ते इतके सुस्तावले की २००४ मध्ये जीमेल १ जीबी जागा घेऊन आले, तेव्हा हॉटमेलची फुकट जागा होती २ एमबी. पण ई-मेलचे नियम कुणा एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. त्यामुळे लोक जीमेलवर गेले तरी हॉटमेलवाल्या मित्राला पत्र लिहू शकत होते. पंगत न मोडता उठता आले. निरोपसेवांनाही असाच नियम लावावा म्हणून युरोपीय संघाच्या डिजिटल बाजारपेठ कायद्याने मार्च २०२४ पासून व्हॉट्सअॅपसारख्या बड्या सेवांवर बाहेरच्या सेवांशी जोडून घेण्याचे बंधन घातले आहे.

आपल्याकडेही एक चांगला बदल झाला आहे. पूर्वी दोन कंपन्यांची उलाढाल आणि मालमत्ता ठरावीक आकड्यापेक्षा मोठी असेल, तरच त्यांच्या विलीनीकरणाला स्पर्धा आयोगाची परवानगी लागे. फुकट सेवेची उलाढाल ती कितीशी असणार? असे सौदे जाळ्यातून निसटत. १० सप्टेंबर २०२४ पासून, सौदा २,००० कोटी रुपयांहून मोठा असेल आणि त्या कंपनीचे भारतात बऱ्यापैकी काम असेल, तर परवानगी बंधनकारक झाली आहे. नंतर दंड करण्यापेक्षा आधी विचारणे बरे. कारण एकदा मिसळलेले दूध आणि पाणी कोर्टाला वेगळे करता येत नाही.

कायदा कायद्याचे काम करील. आपण आपल्या घरापुरते काही करू शकतो. ज्या सेवेत आपली छायाचित्रे, पत्रे, आवाज आहेत, तिथून ते उतरवून घेण्याची सोय आहे का, हे आधी पाहावे आणि वर्षातून एकदा तरी ते उतरवून घ्यावे. सेवा विकली गेल्याची बातमी आली की ते काम त्याच आठवड्यात करावे. पहिली दोन-तीन वर्षे बहुधा ठीक जातात, पण तेवढ्यावर विसंबू नये. जी लहान सेवा मनापासून चालवली जाते आणि रास्त पैसे मागते, तिला पैसे द्यायला कुरकुर करू नये. फुकटाला सोकावलेले गिऱ्हाईक शेवटी स्वतःच माल होऊन बसते.

स्काइप बंद करताना मायक्रोसॉफ्टने लोकांना दोन वाटा दिल्या होत्या. टीम्सवर जा, किंवा आपले जुने निरोप उतरवून घ्या. निरोप मिळवण्याची मुदत जानेवारी २०२६ पर्यंत होती. ज्यांना हे कळले त्यांनी ते घेतले असतील. पण स्काइपवर मन मोकळे करणाऱ्यांत कितीतरी आजी-आजोबा होते, ज्यांना सूचना वाचता येत नव्हती आणि ज्यांचा पासवर्ड कुठल्याशा वहीत लिहून ठेवणारा नातू परदेशात होता. त्यांच्या वतीने त्या दोन वाटांची चौकशी कोणी केली असेल? आपल्या घरात अशी वडीलधारी माणसे आहेत. त्यांचा आवाज, त्यांचे फोटो आज कुठल्या कंपनीच्या कपाटात आहेत, याची एकदा विचारपूस करा. कपाटाची किल्ली आपल्याकडे आहे तोवरच ते काम सोपे आहे.